दीड टीच

लांबी किती, असं धुडकू मिस्तरींनी विचारलं
तेव्हा मी अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली.
म्हटलं, एक टीच, आणि वर अर्धी.
त्यांनी व्हर्नियर खाली ठेवला,
माझ्या हाताकडे कासार बघतो तसं बघितलं.
"हाई कसाले शे?"
जेवायला.
"जेवाले? मंग हात कसाले शेतस?"

याला उत्तर नव्हतं.
धुळ्याच्या एमआयडीसीत, दुपारी दोनला,
पत्र्याखाली उत्तरं फार सुचतही नाहीत.

हामामात्सूच्या कारखान्यात तीन वर्षं मी गिअरचे दात तपासले
आणि कॅन्टीनमध्ये दोन काड्यांनी जेवले.
परत आले ती दोन सवयी घेऊन:
चप्पल दाराकडे तोंड करून ठेवायची, आणि ही.
चपलेचं कुणी काही म्हणत नाही.

लाकडाच्या आणल्या होत्या, वैशाखात चिरल्या.
बांबूच्या काळा मसाला धरून बसल्या,
कितीही घासा, खिरीतसुद्धा लसूण.
स्टीलच्या रश्श्यात तापायच्या
आणि शेंगदाणा सुटायचा तो थेट वडिलांच्या ताटात.
आग्रा रोडवर भांड्यांची नऊ दुकानं झाली.
एकाने चिमटा दाखवला.
एकाने शेजारून विणकामाच्या सुया आणवल्या,
म्हणाला, ताई, याच असतील.

टायटॅनियम मिस्तरींकडे होतं.
हाडात बसवायच्या सळया करणाऱ्या कुठल्याशा कारखान्याचे
उरलेले तुकडे,
तेलकट फडक्यात, गाठ मारून, सोनं ठेवावं तसे.
"चिवट माल शे. घाई करी त पेटस."
मग लेथ इतका सावकाश फिरवला
की चकवरचं कंपनीचं नाव वाचता येत होतं.
सळई बारीक होत गेली तशी टूलपासून अंग चोरू लागली,
तिला मागून टेकू दिला.
एक कीस पांढराशुभ्र जळाला, वाळूच्या डब्यात.
त्यांनी वर पाहिलंच नाही.

टोकं साधी ठेवली, थोडी खरखरीत,
शेंगदाणा धरतील एवढीच.
मागचा भाग बुडवला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात,
तीन चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडून,
आणि तो निळा झाला. रंग न लावता.
त्यांचा पुतण्या भटू मोबाइल ठेवून उठून आला.

हातात घेतल्या. धातू असून गार लागल्या नाहीत,
नुकत्याच कुणी खाली ठेवल्यासारख्या.
पैसे मोजताना मिस्तरी म्हणाले,
आजवर केलं ते सगळं पाणी ओढायचं, शेंगा फोडायचं.
ताटापर्यंत गेलं नाही कधी काही.

रात्री शेवभाजी होती.
रश्श्यात फुगून मऊ झालेली शेव, तीसुद्धा
न तुटता उचलली.
भरीत नाही जमलं.
आणि कळण्याची भाकरी मोडायला हात लागलाच,
म्हणजे मिस्तरींना उत्तर देता आलं असतं.

वडील बघत होते.
सोनगीर फाट्यावर ट्रकने उडवल्यापासून
त्यांच्या मांडीत हाच धातू आहे.
एक काडी मागून घेतली, तळहातावर तोलली,
मग धोतरावरून मांडीवर आडवी नाही, उभी ठेवली,
आत जशी असेल तशी.
"म्हंजे हाई तिन्ही बहीण."
थोडं थांबून:
"मी गऊ का ती राखमा सापडी.
मिस्तरीले दे. आखो एक जोड व्हई जाई."

आई म्हणाली, ताटावर असलं बोलू नका.
ते हसले,
आणि माझ्या ताटातला एक शेंगदाणा
बोटांनी उचलून खाल्ला.

मी काही बोलले नाही.
एक्स-रे पाहिलेला आहे मी, खिडकीच्या उजेडात धरून.
अडीच टिचा भरते ती सळई.
एक काडी होईल.
दुसरी अपुरी पडेल.